सेवा विनामूल्य, भुर्दंड कोणाला?

2019च्या सप्टेंबरपासून ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील अरण्ये पेटू लागली आणि पुढे कित्येक महिने तो वणवा शमला नाही. या राज्याचे ग्रामीण अग्निशमन दल जवळजवळ सर्वस्वी स्वयंसेवकांचे. त्यांची संख्या 70,000च्या घरात. शेतकरी, सुतार, शिक्षक, दुकानांतील नोकर असे हे लोक. हाक आली की हातातले काम टाकून निघायचे, हा त्यांचा रिवाज. एरवी ही हाक एकदोन दिवसांपुरती असते. त्या वर्षी ती आठवडेच्या आठवडे येत राहिली आणि धैर्यापेक्षा पगाराचा प्रश्न बिकट झाला.

कायदा नव्हता असे नाही. तेथील 2009च्या ‘फेअर वर्क’ कायद्याने आपत्तीच्या कामासाठी स्वयंसेवकाला रजेचा हक्क दिला आहे. या रजेला दिवसांची कमाल मर्यादा नाही. प्रवासाचा आणि कामानंतरच्या विश्रांतीचा वेळही तीत धरला जातो. मालकाला शक्य तितक्या लवकर कळवावे आणि अनुपस्थिती परिस्थितीच्या मानाने वाजवी असावी, एवढ्याच काय त्या अटी. अशा अनुपस्थितीबद्दल कोणाला कामावरून काढताही येत नाही. तरतूद उदार खरी, पण रजा बिनपगारी! नोकरी राहते, रोज बुडतो. स्वतःचा धंदा करणाऱ्या सुताराला तर मालकच नाही; त्याने रजा मागावी कोणाकडे?

वस्तुतः येथे लाभ एकीकडे आणि खर्च दुसरीकडे असा प्रकार आहे. वाचलेल्या घराचा लाभ शेजाऱ्याला, विमा कंपनीला आणि सरकारी तिजोरीलाही होतो. बुडालेली मजुरी मात्र एकाच संसारातून वजा होते. मालकाच्या माथी हा खर्च मारावा, तर तीन माणसांवर चालणाऱ्या गॅरेजला तो पेलणार नाही, आणि पुढच्या वेळी तो मालक स्वयंसेवकाला कामावरच घेणार नाही. (हे कोणत्याही कायद्याने सिद्ध करता येत नाही, ही त्यातली मेख.)

पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांना मोबदल्याची कल्पना आरंभी मान्य नव्हती. डिसेंबर संपता संपता त्यांचे सरकार बदलले. केंद्रीय नोकरांना चार आठवड्यांची भरपगारी रजा जाहीर झाली. त्यापाठोपाठ न्यू साउथ वेल्समध्ये दहा दिवसांहून अधिक काळ राबलेल्या, स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या किंवा लहानमध्यम उद्योगांत नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकांना दिवसाला 300 आणि एकूण 6,000 डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. सेवेला दाम लावला की तिचे सेवापण जाते, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण बुडालेला रोज भरून देणे म्हणजे सेवेची किंमत करणे नव्हे. दाम न लावल्याने सेवा पवित्र राहीलही; मात्र ती ज्यांना परवडते त्यांचीच मिरास होईल.

जर्मनीने हा हिशेब आधीच मांडून ठेवला आहे. 1950 साली स्थापन झालेल्या तेथील ‘टी.एच.डब्ल्यू.’ या केंद्रीय आपत्ती निवारण दलात 80,000हून अधिक स्वयंसेवक आहेत. मोहिमेच्या काळात मालक त्यांचे वेतन चालू ठेवतो आणि खासगी मालकाला ती रक्कम सरकार परत करते. 2021च्या महापुरात हे दल आपल्या इतिहासातील सर्वांत मोठ्या मोहिमेवर गेले, तेव्हा वेतनाची तडजोड ऐन वेळी करत बसण्याची गरज नव्हती.

आपल्याकडेही हे तत्त्व अगदी अनोळखी नाही. प्रादेशिक सेनेच्या 1948च्या कायद्यात, सेवेवरून परतलेल्या जवानाला मालकाने पुन्हा कामावर घ्यावे आणि तसे न झाल्यास सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई द्यावी, अशी तरतूद आहे. 2016मध्ये ‘आपदा मित्र’ योजना निघाली आणि पुढे 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठरले. त्यांना प्रशिक्षण मिळते, विमाही मिळतो. त्यांच्यातला एखादा कंत्राटी कामगार चार दिवस पुराच्या पाण्यात नाव चालवून पाचव्या दिवशी कारखान्याच्या दारात उभा राहिला, तर त्याने कोणता कागद दाखवावा, याचा विचार पुढच्या पावसाळ्यापूर्वी झालेला बरा.