लांदिनीच्या रचना आणि त्यांचे गायन-वादन

चौदाव्या शतकात फ्लोरेन्स नगरीत जे संगीत बहरास आले, त्याचा अग्रणी रचनाकार फ्रांचेस्को लांदिनी हा बालपणीच देवीच्या रोगाने दृष्टी गमावूनही ऑर्गनवादनात अद्वितीय ठरला. १३९७ साली त्याचे निधन झाले. त्याच्या दीडशेहून अधिक रचना उपलब्ध असून त्यांपैकी बहुसंख्य ‘बल्लाता’ या ध्रुवपदयुक्त गीतप्रकारातील, दोन वा तीन स्वतंत्र स्वरपंक्ती एकाच वेळी चालविणाऱ्या आहेत. पंधराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेली स्क्वार्चालुपी पोथी, जिच्यात रचनाकारांची चित्रेही आहेत, हा या संगीताचा सर्वांत मोठा दस्तऐवज होय. परंतु कोणती पंक्ती कंठाने गावी, कोणती वाद्यावर वाजवावी, याचा खुलासा तीत नाही. म्हणून आजचे कलावंत तत्कालीन चित्रांचा व साहित्याचा पुरावा तपासून कधी सर्व पंक्ती गातात, तर कधी एखादी पंक्ती गजाने वाजणाऱ्या व्हिएलवर, ल्यूटवर किंवा एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या चालवावयाच्या ऑर्गनेत्तोवर सोपवितात. पोथीत न लिहिलेले काही कोमल-तीव्र स्वरही त्यांना शास्त्राधारे स्वतःच योजावे लागतात. जिज्ञासूंनी एकच बल्लाता दोन निरनिराळ्या वृंदांकडून अवश्य ऐकावी. या संगीताच्या परिचयाचा तो उत्तम मार्ग होय.