मोटारीतला गारवा कोठे गेला?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमचे एक शिक्षक-मित्र मालवणला बंदराजवळ राहतात. एके दिवशी कुडाळहून परतताना त्यांच्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातून गरम हवा येऊ लागली. मिस्त्रींनी दाब मोजला आणि निदान केले, "गॅस संपलो, गुरुजी. भरूक व्हयो." गॅस भरला, गारवा आला. पंधरा दिवसांत पुन्हा गरम हवा! पुन्हा गॅस, पुन्हा पैसे.

पेट्रोल संपते, कारण ते जळते. हा गॅस तर जळत नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत असतो. मग तो संपतो कसा?

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. ते थंडी निर्माण करीत नाही. होडीत शिरलेले पाणी आपण उपसून बाहेर टाकतो, तशी ते मोटारीतली उष्णता उपसून बाहेर टाकते. उपसण्याचे भांडे म्हणजे हा गॅस. सध्याच्या पुष्कळ मोटारींत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. वातावरणाच्या नेहमीच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. दाब वाढवला, की त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. सारी युक्ती या एका गुणात आहे.

डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तेथे दाब सुमारे तीन वातावरणांएवढा ठेवलेला असतो. या दाबाला द्रवरूप गॅस शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता मोटारीतल्या हवेतून घेतो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर दाबून सुमारे सतरा वातावरणांपर्यंत नेतो. आता तिचा उत्कलनबिंदू ६० अंशांजवळ आलेला असतो. त्यामुळे मालवणची ३३ अंशांची हवा तिच्या दृष्टीने चांगलीच गार! मोटारीच्या तोंडाशी जाळीमागे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते आणि फेरा पुरा होतो.

हे कळले, की निदान सोपे होते. गारव्याचे बटण दाबल्यावर इंजिनाजवळ "टक्" असा आवाज येतो का? पुष्कळ गाड्यांत तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा आवाज असतो. आवाजच नसेल, तर फ्यूज गेलेला असेल, क्लच बिघडला असेल किंवा गॅस फारच कमी असेल. (गॅस फार कमी असताना कॉम्प्रेसर चालला तर तो खराब होतो. म्हणून दाबावर चालणारा एक स्विच त्याला बंदच ठेवतो.) धावताना गार आणि सिग्नलला उभे राहिले की गरम, असे होत असेल तर कंडेन्सरचा पंखा पाहावा. गाडी धावत असते तेव्हा वारा आपोआप मिळतो, उभी असते तेव्हा पंख्याशिवाय गती नाही. कधी तर बिघाड याहून साधा असतो. हिवाळ्यासाठी असलेल्या हीटरची झडप उघडी राहते आणि गार झालेली हवा वाटेत पुन्हा तापते!

गुरुजींच्या गाडीत क्लच "टक्-टक्" करीत दर काही सेकंदांनी लागत आणि सुटत होता. गॅस कमी असल्याची ही नेहमीची खूण. म्हणजे मिस्त्रींचे म्हणणे खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. बंद नळीतला गॅस पंधरा दिवसांत कमी झाला, तर नळी बंद नाही! भोक शोधायचे सोडून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

दुसऱ्या एका कारागिराने नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरला आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. कंडेन्सरच्या तळाच्या कोपऱ्यात बुडबुडे आले. तेथेच तेलकट डागही होता, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे वंगणही फिरते आणि गळते. भोक तेथेच का पडावे? कंडेन्सर अॅल्युमिनियमचा असतो. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो त्याचे रक्षण करतो. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड आयन हा थर जागोजागी भेदतात आणि आत बारीक खड्डे पडत जातात. तळाशी खारी माती ओली राहून साचते, म्हणून तेथे खड्डे आधी आरपार जातात. किनाऱ्यावरच्या गाड्यांचा कंडेन्सर अधूनमधून गोड्या पाण्याने, बेताच्या धारेने धुणे बरे.

पैशांचे नुकसान तर दिसतेच, न दिसणारे नुकसान मोठे आहे. पूर्वी मोटारींत आर-१२ हा गॅस असे. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागे पडला. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. लहान मोटारीत तो साधारण अर्धा किलो मावतो. तेवढा हवेत सोडणे म्हणजे दोनशे लिटरहून अधिक पेट्रोल जाळण्यासारखे आहे. गुरुजींच्या गाडीने तो दोनदा सोडला होता.

नवा कंडेन्सर बसवला. त्यानंतर कारागिराने लगेच गॅस न भरता निर्वात पंप लावला आणि तो पाऊण तास चालू ठेवला. गुरुजींना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटला. पण नळ्या उघडल्या, की मालवणची दमट हवा आत शिरते. तिच्यातले पाणी पुढे अरुंद झडपेत गोठते आणि वाट अडवते. दाब पुरेसा उतरवला, की हेच पाणी ३० अंशांना उकळून बाहेर निघून जाते. पुन्हा तोच नियम! मग गॅस अंदाजाने नव्हे, वजन करून भरला. (हे काम घरी करून पाहू नये. निसटलेला द्रव त्वचा गोठवतो.)

गाडी सुरू झाली. दहा मिनिटांनी खाली पाण्याचे थेंब पडू लागले, तेव्हा गुरुजी दचकले. "आता हे काय गळते?" कारागीर हसला. दमट हवेतली वाफ गार कॉइलवर जमून ते पाणी झाले होते. मे महिन्यातल्या तापमानात मालवण नागपूरची बरोबरी करीत नाही, पण येथे यंत्राचे बरेचसे बळ हवेतले पाणी पिळून काढण्यात खर्च होते. ही गळती मात्र यंत्र नीट चालल्याची खूण होती.