दातांना तार लावल्यावर

‘दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत’ अशी एक जुनी म्हण आहे. दातांना तार लावलेल्या मुलाची अवस्था मात्र याहून चमत्कारिक असते. त्याच्यापाशी दातही असतात आणि चणेही असतात. परंतु दीड-दोन वर्षे दोघांची गाठ पडू द्यावयाची नसते. वाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात सरळ करण्याचा हा उपचार आज मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. तो खेड्यापाड्यांतील घरांतही येऊन पोहोचला आहे आणि त्याबरोबर त्याची दुखणीही आली आहेत.

बीदर आणि कलबुर्गी ह्या जिल्ह्यांच्या सीमेलगत, बसवकल्याण तालुक्यात मुडबी हे गाव आहे. ह्या भागात दंतवैद्यक महाविद्यालये आहेत ती हुमनाबाद, बीदर आणि कलबुर्गी येथे. तार लावलेल्या मुलाला साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी दंतवैद्याकडे न्यावे लागते. खेड्यातील कुटुंबाच्या दृष्टीने ह्या फेरीचा अर्थ एस.टी.चे भाडे, मुलाची बुडालेली शाळा आणि वडिलांची बुडालेली मजुरी असा असतो. दोन फेऱ्यांमधील तीस-चाळीस दिवस मूल घरीच असते. उपचार तडीस जातो किंवा अर्ध्यावर सुटतो तो ह्याच दिवसांत. म्हणूनच कोणते दुखणे साहजिक आणि कोणते काळजीचे, एवढा विवेक घरातील माणसांस असणे अगत्याचे आहे.

तार लावल्यावर दात दुखतो, तो का? दात हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा हाडात घट्ट बसलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो आणि दात जणू त्या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. तारेचा मंद पण अखंड दाब पडू लागला, की एका बाजूचे तंतू दबतात व दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. दबलेल्या बाजूचे हाड हळूहळू झिजते, ताणलेल्या बाजूस नवे हाड भरते आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर ह्या गतीने सरकतो. ह्या घडामोडीत जी सूज येते, तीच दुखते. तार आवळल्यानंतर काही तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी तो सर्वांत अधिक असतो आणि आठवड्याच्या आत बहुधा ओसरतो. दात किंचित हलल्यासारखा वाटतो, तेही ह्याच कारणाने. तेव्हा दुसऱ्या दिवशी मूल रडले म्हणून उपचार फसला असे समजण्याचे कारण नाही.

ह्या चार दिवसांचा उपाय साधा आहे. अन्न मऊ असावे आणि थंड पाण्याचे घोट अधूनमधून घ्यावेत. ठणका सोसवत नसेल तर पॅरासिटामॉल हे औषध वैद्याने सांगितलेल्या मात्रेत द्यावे. सोळा वर्षांखालील मुलास ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. लवंगेचे तेल लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. परंतु हे दुखणे किडीचे नाही. कच्चे तेल हिरडीस लागले तर ती भाजते आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

दुसरा त्रास गालांचा व ओठांचा. दातावर चिकटवलेले धातूचे तुकडे, ज्यांस ब्रॅकेट म्हणतात, गालाच्या आतील कोवळ्या त्वचेस घासतात आणि तेथे फोड येतात. ह्यावर दंतवैद्याकडे खास मेण मिळते. तार लावून घेतानाच त्याची डबी मागून आणावी. ब्रॅकेट कापसाने कोरडा करावा, हरभऱ्याएवढी मेणाची गोळी मळून त्यावर दाबून बसवावी. झिजली की नवी लावावी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. दोन-तीन आठवड्यांत गाल सरावतात.

दाढेमागे तारेचे टोक टोचू लागले तर पेन्सिलीच्या मागील स्वच्छ रबराने ते हलकेच दाताकडे वळवावे. न वळल्यास त्यावर मेण लावून दंतवैद्यास कळवावे. पकडीने ते तोडण्याचा मोह आवरावा. ब्रॅकेट सुटून तारेवर लोंबत असेल तर तो तसाच राहू द्यावा. पूर्ण निघाला असेल तर जपून ठेवून सोबत न्यावा. चुकून गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो. मात्र ठसका थांबेना किंवा श्वास घेणे कठीण झाले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत. सन १९५५ मध्ये बुओनोकोर ह्या अमेरिकन दंतवैद्याने आम्ल लावून दाताचा पृष्ठभाग खरबरीत करण्याची युक्ती दाखविली आणि पुढे ब्रॅकेट दातावर नुसते चिकटवता येऊ लागले. सोय झाली, पण चिकटवलेली वस्तू हिसक्याने निखळते, हे त्यासोबत आलेच. ह्या मुलखात तर ज्वारीची कडक भाकरी, हुरडा, ऊस, भाजलेल्या शेंगा आणि चिक्की यांची रेलचेल. ह्यांवर बंदी म्हणजे मुलास शिक्षाच वाटते. परंतु वाट आहे. ताजी मऊ भाकरी तुरीच्या वरणात कुस्करून खाता येते, शेंगांचे कूट भाजीत घालता येते, उसाऐवजी रस चालतो, पेरूच्या बारीक फोडी करता येतात. रस प्याल्यावर चूळ मात्र भरलीच पाहिजे. सुपारी दोन्हीकडून वाईट. ती ब्रॅकेटही तोडते आणि तोंडही बिघडवते.

सर्वांत मोठा धोका दुखत नाही, म्हणूनच तो नजरेआड होतो. ब्रॅकेटभोवती अन्न अडकून राहिले तर चार-पाच आठवड्यांतही दातावर पांढरे डाग उमटू शकतात. ती किडीची पहिली पायरी होय. तार निघाल्यावर दात सरळ, पण डागाळलेले, असा सौदा कोणाच्या हिताचा? प्रत्येक जेवणानंतर चूळ भरावी आणि सकाळी व रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रॅकेटच्या वर व खाली मऊ ब्रश फिरवावा. मिश्री किंवा राख वापरू नये. ब्रॅकेटवरील रबरी कड्या हळदीच्या फोडणीने पिवळ्या पडतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पुढील फेरीस त्या बदलल्या जातात.

आठवडा उलटूनही ठणका वाढतच असेल, एखादा दात फारच हलत असेल, चेहरा सुजला असेल किंवा ताप येत असेल, तर मात्र पुढील तारखेची वाट पाहू नये. आणि जावे ते शिकलेल्या दंतवैद्याकडेच. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू केली, ती रस्त्याच्या कडेला पकड घेऊन बसणाऱ्यापासून लोकांचे रक्षण व्हावे म्हणूनच.

तार निघाली म्हणजे काम संपले, असेही नाही. सरकलेले दात मूळ जागी परतू पाहतात. त्यांना रोखून धरण्यासाठी दिलेली पट्टी सांगितलेल्या मुदतीपर्यंत नेमाने वापरावी लागते. हाडास घट्ट व्हावयास वेळ हवा असतो. तार दात सरकवील. पण दोन वर्षे मुलाची समजूत घालण्याचे, त्याच्या ताटात मऊ घास वाढण्याचे आणि चिडवणाऱ्या सोबत्यांपुढे त्याला धीर देण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते. तेवढे झाले, की चणेही त्याचे आणि दातही त्याचेच.