टीमला शिकवायचं की टीमला विचारायचं?

मागच्या व्याख्यानात आपण सॉक्रेटिसच्या प्रश्नपद्धतीबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "सर, आमच्या आयटीतल्या कामाशी याचा काही संबंध आहे का?" आहे, आणि तोच आज पाहू. विषय आहे अ‍ॅजाइल पद्धत आणि ती टीमच्या अंगी रुजवू पाहणारा कोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आहेत. त्यांचा आशय असा: प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचा सहभाग, आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. कागदपत्रं किंवा योजना नकोतच, असं ते म्हणत नाहीत. जास्त वजन कशाला द्यायचं, एवढंच सांगतात.

अ‍ॅजाइलमधली सगळ्यात प्रसिद्ध चौकट म्हणजे स्क्रम. तिच्यात काम छोट्या मुदतीत करायचं. ही मुदत, म्हणजे स्प्रिंट, जास्तीत जास्त एक महिन्याची. रोज १५ मिनिटं टीमने भेटायचं. शेवटी झालेलं काम संबंधितांना दाखवायचं आणि मग 'आपण काम कसं केलं' याकडे वळून बघायचं, म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे ओळखीचा सूर लागतो. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच म्हटलंय की ही चौकट अनुभववादावर उभी आहे. तिचे तीन खांब: पारदर्शकता, तपासणी आणि अनुकूलन. म्हणजे काय? जे आहे ते दिसू द्या, ते तपासा, आणि त्यानुसार बदला. आता क्रम नीट बघा. जे दिसतंय तेच खोटं असेल, तर तपासणी खोट्याची होईल आणि बदल चुकीच्या दिशेने होईल. पहिला खांब नसेल तर बाकीचे दोन कोसळतात.

हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते एका कंपनीत. आमची एक माजी विद्यार्थिनी तिथे अ‍ॅजाइल कोच आहे. तिने आम्हाला काही दिवस टीमबरोबर बसायला बोलावलं. रोज सकाळी स्टँडअप व्हायचा. दहा जण उभे, सगळ्यांची तोंडं मॅनेजरकडे. "काल हे केलं, आज ते करीन, अडचण काही नाही." शाळेतली हजेरीच, बरं का! आणि स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी तीन कामं अर्धवट.

आम्हाला राहवलं नाही. प्राध्यापकाची सवय! आम्ही पारदर्शकतेवर चाळीस मिनिटं बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "अडचण काही नाही."

विद्यार्थिनीने मात्र भाषण केलं नाही. तिने मॅनेजरला एकट्याला गाठून एक प्रश्न विचारला, "टीमचे हे आकडे पुढे कुठे जातात?" उत्तर मिळालं, वार्षिक मूल्यमापनात. प्रत्येक कामाला टीम जे स्टोरी पॉइंट देते, ते टीमला स्वतःचा अंदाज बांधायला असतात. ते पगाराशी जोडले गेल्यावर लोक तीन पॉइंटांच्या कामाला आठ म्हणू लागले, आणि अडचणी लपवू लागले. आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे मूठ झाकण्याचं कारण आळस नव्हता, भीती होती.

तिने मॅनेजरकडे दोन गोष्टी मागितल्या. आकडे मूल्यमापनातून काढा, आणि स्वतःचं अडलेलं एक काम टीमसमोर सांगा. त्याने थोडे आढेवेढे घेतले, पण मानलं. मग स्टँडअपमध्ये तिने माणसांऐवजी बोर्डवरची कामं एकेक करून घेतली, पूर्ण व्हायला आलेली आधी. प्रश्न एकच: "हे 'झालं' म्हणायला काय उरलंय?" विचारायचं आणि गप्प राहायचं. ती शांतता आम्हालाच असह्य व्हायची.

चौथ्या दिवशी एक तरुण टेस्टर हळूच म्हणाली, "मी दोन दिवस अडकलेय. चाचणीसाठी डेटा मिळत नाहीये." शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "अगं, तो माझ्याकडे आहे!" अर्ध्या तासात काम सुटलं.

प्लेटोच्या 'थिएटिटस' संवादात सॉक्रेटिस स्वतःची तुलना सुईणीशी करतो. त्याची आईही सुईणच होती. तो म्हणतो, आपण विचार जन्माला घालत नाही, दुसऱ्याच्या मनातला विचार बाहेर यायला मदत करतो. आणि बाहेर आलेला विचार खरा की पोकळ, हेही तपासतो. कोचचं काम याच जातीचं आहे.

मग कोचने नेमकं काय करावं? कुठलीही प्रथा सुरू करण्याआधी विचारावं, ही कुठली अडचण सोडवणार आहे? रेट्रोमध्ये दहा ठराव करू नयेत. एकच बदल निवडावा आणि पुढच्या रेट्रोची सुरुवात त्याच्या हिशेबाने करावी. आणि आपल्यावाचून टीमचं अडू नये, अशी तयारी पहिल्या दिवसापासून करावी. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो तसं, सद्गुण कृतीच्या सवयीने येतो. खरं बोलण्याचंही तसंच आहे.

गोष्टीचा शेवट मात्र गोड नाही. वर्षभराने मॅनेजर बदलला आणि आकडे पुन्हा मूल्यमापनात आले. एकटा कोच संस्थेचं धोरण बदलू शकत नाही, हे मान्य करायला हवं. पण ती टीम अजूनही कामापासून सुरुवात करते आणि "काय उरलंय?" असं एकमेकांना विचारते, असं विद्यार्थिनी सांगते.

तुमच्यापैकी जे अशा टीममध्ये आहेत त्यांनी उद्या एवढंच करून बघा: आपलं अडलेलं एक काम आधी स्वतः सांगा. काय होतं ते पुढच्या वेळी ऐकू. तेव्हा विषय असेल अ‍ॅरिस्टॉटलचा व्यवहारज्ञानाचा विचार.