जिभेला न कळणारी साखर

रात्रभर उघडी राहिलेली कोल्ड्रिंकची बाटली सकाळी तोंडाला लावून पाहिली आहे? गॅस उडालेला, गारवा गेलेला. एका घोटात तोंड गुळमट होतं. साखर कालही तेवढीच होती, फक्त ती जाणवली नव्हती.

मुलांना हे समजवायला भाषण नको, पेला पुरे. 250 मिली साधं पाणी घ्या आणि त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर मुलांनाच मोजून घालू द्या. एक चमचा साधारण 4 ग्रॅमचा. ढवळून प्यायला दिलंत तर बहुतेक जण तोंड वाकडं करतील. आता त्यातच लिंबू पिळा, पेला फ्रिजमध्ये ठेवा आणि तासाभराने पुन्हा द्या. तेच पाणी आवडीने संपेल! गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते आणि आंबटपणा उरलेली गोडी दाबतो. बाटलीत याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडची चुरचुर असते. कोलात फॉस्फोरिक आम्ल घालतात, लिंबू-संत्र्याच्या पेयांत सायट्रिक.

जीभ अशी फसते, म्हणून बाटली फिरवून मागचा तक्ता वाचायचा. तिथले आकडे बहुधा 100 मिलीचे असतात. साध्या कोलात 100 मिलीला साखर 10 ते 11 ग्रॅम. वाचायला किरकोळ वाटतं, पण 100 मिली पिऊन बाटली कोण ठेवून देतो? 600 मिलीच्या बाटलीसाठी सहाने गुणा, साठाच्या वर ग्रॅम होतात, म्हणजे पंधराएक चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम, आणि शक्यतो 25 च्या आत. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, ते याच हिशेबासाठी. नुसता फलक लावून भागेल असं मला वाटत नाही. गुणाकार मुलांनी स्वतः करायला हवा.

मग घटकांची यादी. त्यात सर्वांत जास्त वजनाचा घटक आधी येतो. डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही सगळी साखरेच्याच घरातली नावं. पुढच्या बाजूला रसाळ आंबा छापलेला असला तरी आत काय आहे ते ही यादीच सांगते. ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दांवरही जाऊ नका. भारताच्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितलं.

आपल्या घरच्या पेयांनाही सूट नाही. अमृत कोकम म्हणजे कोकमाच्या सालींवर साखरेचे थर देऊन सुटलेला पाक. तिथेही आंबटपणाच साखर झाकतो. गुऱ्हाळावरच्या उसाच्या रसाला तर लेबलच नसतं, आणि त्यात साखर कोलापेक्षा कमी नसते. वरून पिळलेलं लिंबू नि घातलेला बर्फ काय करतात, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

फ्रिजमध्ये एखादी बाटली असेलच. तिचा तक्ता वाचा, आणि तेवढे चमचे साखर वाटीत काढून मुलांसमोर ठेवा.