मिनीॲपोलिसच्या छपरांवरचा बांध

मिनीॲपोलिसमध्ये भर हिवाळ्यात, पावसाचा टिपूस नसतानाही छप्पर गळू लागतं. घरातली ऊब माळ्यावर झिरपते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी उतारावरून ओघळतं आणि भिंतीबाहेरच्या गारठलेल्या वळचणीला पोचलं की पुन्हा गोठतं. तिथे बर्फाचा बांध धरतो. मागे तुंबलेलं पाणी डांबरी शिंगल्सखाली उलटं चढतं आणि बेडरूमच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग उमटतो. शिंगल्स आपल्या कौलांसारख्याच एकीवर एक. वरून येणारं पाणी अडवतात, खालून चढणारं नाही. म्हणून नवं छप्पर घालताना वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत २४ इंचांपर्यंत चिकट जलरोधक पट्टा घालावा लागतो. बांध कुऱ्हाडीने फोडू नये, शिंगल्सच फुटतात. वाफेने वितळवून देणारे मिळतात. खरा इलाज माळ्यावरच्या फटी बुजवण्यात आणि इन्सुलेशन वाढवण्यात आहे. नुसतं छप्पर बदलून भागत नाही, कंत्राटदार काहीही सांगो.

गारपीट झाली की हेच कंत्राटदार दारोदार फिरतात. ‘विम्यातला तुमचा वाटा आम्ही भरू’ म्हणणाऱ्याला सरळ वाटेला लावावं; मिनेसोटात ते आमिष बेकायदा आहे. परवाना राज्याच्या कामगार व उद्योग खात्याकडे तपासता येतो.