चंबळच्या मुलखात जगण्याची कला

शाळेत मुलांना ‘जंगलात कोण टिकतो?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेले असते : ‘जो बलवान तो!’ आपल्या मराठीत ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आहेच, आणि जंगलाचा कायदाही तोच असावा अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या ग्वाल्हेरच्या आसपासच्या रानात, मुरैना, शिवपुरी आणि श्योपूर या जिल्ह्यांत, झाडे आणि जनावरे प्रत्यक्ष कशी जगतात हे पाहिले म्हणजे ही समजूत पुरती खरी नाही असे ध्यानात येते. तेथे बळापेक्षा काटकसरीला आणि काटकसरीपेक्षाही वेळ साधण्याला अधिक मोल आहे. या गोष्टीचाच थोडा विचार आज आपण करू.

प्रथम आपल्या हवामानाची आठवण ठेवली पाहिजे. मे महिन्यात येथला पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि दुपारी लू वाहू लागते. जानेवारीत तोच पारा रात्री चार-पाच अंशांपर्यंत खाली येतो. पाऊस म्हणावा तर बहुतेक सारा जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांत पडतो. उरलेले नऊ महिने तेवढ्याच पुंजीवर काढावयाचे असतात. आपण माणसे माठ भरतो, पडदे ओले करतो आणि पंख्याखाली बसतो. ज्याला घर नाही, माठ नाही, त्याने काय करावे?

झाडाला तर जागचे हलताही येत नाही. पान हे झाडाचे स्वयंपाकघर होय. पण त्याच पानाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून पाणी सतत वाफेच्या रूपाने निघून जाते. म्हणून उन्हाळा जवळ आला की आपल्याकडचे पळस, सालई, करधई हे वृक्ष पाने गाळून टाकतात. खर्च भागत नसेल तर कारखाना काही दिवस बंद ठेवावा, तसाच हा व्यवहार. पळस त्याही पुढे जातो. अंगावर एक पान नसताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तो सर्वांगाने फुलतो. आड येणारी पाने नसल्यामुळे ती केशरी फुले मैना, सूर्यपक्षी इत्यादी पाखरांना दुरून दिसतात आणि परागीकरणाचे काम सुलभ होते. पुढे हलक्या चपट्या शेंगा उन्हाळी वाऱ्यावर दूर उडून जातात व पाऊस पडण्याच्या सुमारास बी जमिनीवर तयार असते.

करधई हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. शिवपुरी आणि कुनोच्या खडकाळ टेकड्यांवर त्याची रानेच्या राने आहेत. मे महिन्यात हे रान इतके वाळलेले दिसते की परक्या माणसाला ते मेले असेच वाटावे. पण पावसाचा थेंब पडण्यापूर्वी, हवेत नुसता ओलावा आला तरी, त्याला हिरवी पालवी फुटू लागते, असे तेथील रहिवासी सांगतात. याउलट रुईचे झुडूप भर वैशाखात हिरवेगार उभे असते. तिच्या जाड पानांवर मेणासारखा थर असतो, तो पाणी राखतो. आणि आतला विषारी चीक गुराढोरांना दूर ठेवतो. एकाने खर्च बंद केला, दुसरीने तिजोरीला कुलूप लावले; हेतू एकच.

हे पाहण्यासाठी रानातच गेले पाहिजे असेही नाही. खासगी बाजारातील एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीकडे मान वर करून पाहावे. दुसऱ्या मजल्याच्या फटीत, जेथे मूठभर मातीही नाही, तेथे पिंपळाचे रोप उभे असते. ते कोणी लावले? पिंपळाचे लहानसे फळ पाखरू खाते, त्यातील बारीक बी पचत नाही, आणि विष्ठेबरोबर ते फटीत पडते. पाखराला अन्न मिळाले, झाडाला वाहन मिळाले. घरमालकाला ही सोयरीक रुचत नाही हा भाग निराळा!

आता प्राण्यांकडे वळू. चिंकारा हे लहान चणीचे हरीण माधव राष्ट्रीय उद्यानात आहे. पाणवठ्यापासून दूर, उघड्या कोरड्या जागी ते दिवसच्या दिवस पाणी न पिता राहू शकते. पाला, फळे आणि पहाटेचे दव यांतूनच ते आपली गरज भागवते. पाणवठ्यावर वारंवार जावे लागत नाही याचा आणखी एक लाभ असा की, तेथे दबा धरून बसणाऱ्या बिबट्याशी गाठ कमी पडते. बेडूक निराळी युक्ती योजतो. तळे आटू लागले की तो चिखलात शिरतो आणि शरीराचे व्यापार अगदी मंद करून पावसाची वाट पाहतो. आणि पखुर्डी नावाचा मातकट रंगाचा पक्षी पाहावा. त्याची पिले उघड्या माळावर, पाण्यापासून दूर असतात. नर पाणवठ्यावर जातो, पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि तसाच उडत परत येतो. त्या पिसांची घडणच अशी असते की ती पाणी धरून ठेवतात. पिले बापाच्या पोटाखाली चोची घालून पाणी पितात.

एकमेकांच्या आधाराने जगणारेही पुष्कळ आहेत. वानरे झाडावर बसून खाताना पुष्कळसे खालीही टाकतात. तो पाला व ती फळे चितळांना मिळतात. वानराला उंचावरून वाघ-बिबट्या लवकर दिसतो, चितळाचे नाक आणि कान तीक्ष्ण असतात. एकाने इशारा दिला की दोघेही सावध होतात. त्यांच्यात करार झालेला नाही की स्नेहही जडलेला नाही; परंतु शेजार दोघांच्याही कामी येतो.

तथापि वेळ साधणे म्हणजे काय हे ज्याच्याकडून शिकावे असा प्राणी आपल्या चंबळ नदीत आहे. त्याला मराठीत सुसर म्हणतात, येथे घडियाल म्हणतात. नराच्या लांब नाकाच्या टोकाशी घड्यासारखा उंचवटा असतो, त्यावरून हे नाव पडले. मगरीचा जबडा रुंद. सुसरीचा मात्र चिमट्यासारखा अरुंद व शंभरावर दात असलेला. पाण्यात तो झटकन आडवा फिरवता येतो आणि निसटता मासा अचूक पकडता येतो. पण या सोयीची किंमतही आहे. सुसरीचे पाय दुबळे असतात. पूर्ण वाढलेला प्राणी जमिनीवर नीट चालू शकत नाही, पोटावर सरपटतो. म्हणून तिला खोल पाण्याला लागूनच उतरती, मोकळी वाळू हवी असते. शरीराची ऊब स्वतः निर्माण करता येत नसल्यामुळे हिवाळ्यात त्याच वाळूवर ती तासन् तास ऊन घेते.

आणि अंडीही त्याच वाळूत. मार्चअखेर ते एप्रिल या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते आणि साधारणतः तीस ते पन्नास अंडी घालून तो बुजवते. पुढचे काम ऊन करते. पिलू नर व्हावे की मादी हेदेखील वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे दोन महिन्यांनी अंड्यांतूनच पिलांचा आवाज येऊ लागतो. तो ऐकून आई वाळू उकरते. हा काळ मेअखेर ते जूनच्या मध्याचा. अर्थात पूर येण्यापूर्वी पिलांना काही आठवडे मिळतात. अंडी महिनाभर आधी घातली असती तर वाळू पुरेशी तापलेली नसती. महिनाभर उशिरा घातली असती तर पुराने ती धुऊन नेली असती. एवढे करूनही पहिल्या पावसाळ्यात बहुतेक पिले वाहून जातात किंवा कोणाच्या तरी भक्ष्यस्थानी पडतात. पुष्कळ अंडी घालण्याचे कारण हेच.

त्याच वाळूच्या बेटांवर पाणचिरा हा पक्षी घरटे करतो. त्याची खालची चोच वरचीपेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो पृष्ठभाग चिरीत उडतो व मासे टिपतो. दुपारी वाळू भाजू लागली म्हणजे तो पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देतो.

श्रोतेहो, अशी ही युगानुयुगे बसलेली घडी. ती बिघडली तर काय होते याचे उदाहरणही आपल्याच शेजारी आहे. भारतातून नाहीसा झालेला चित्ता परत आणावा म्हणून १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील आठ चित्ते कुनोत आणले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्यांच्या मायदेशी जून ते सप्टेंबर हा हिवाळा. शरीराला जुनेच पंचांग ठाऊक. म्हणून येथील पावसाळ्यातच त्यांच्या अंगावर दाट हिवाळी लव वाढली. गळ्यातील पट्ट्याखाली ती ओली राहिली, त्वचेला जखमा होऊन त्यांत अळ्या पडल्या आणि २०२३ च्या पावसाळ्यात काही चित्ते दगावले. जगातला सर्वांत वेगवान धावणारा प्राणी. त्याला वेग कमी पडला नाही, ऋतू चुकला. पुढे कुनोत चित्त्यांची पिलेही जन्मली. त्यांनी पहिला ऋतू पाहिला तो याच मातीतला, ही आशेची गोष्ट आहे.

सुसरीची कथा अशीच बोधप्रद आहे. कातडे, शिकार आणि मासेमारीची जाळी यांमुळे १९७४ च्या सुमारास साऱ्या देशात दोनशेही प्रौढ सुसरी उरल्या नव्हत्या असा अंदाज होता. १९७५ मध्ये त्यांच्या रक्षणाची योजना सुरू झाली; पुढे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांतील चंबळचा पट्टा अभयारण्य ठरला. मुरैनाजवळ देवरी येथे अंडी उबवून पिले वाढवतात आणि पुराला तोंड देण्याइतकी मोठी झाल्यावर नदीत सोडतात. तरीही डिसेंबर २००७ पासून काही आठवड्यांतच शंभरावर सुसरी मरून पडल्या. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि माशांतून विष गेल्याचा संशय व्यक्त झाला. आज जगातील सर्वाधिक सुसरी चंबळातच आहेत. हा आपला मान आहे, तशीच जबाबदारीही.

कारण आता त्यांना भय आहे ते बंदुकीपेक्षा फावड्याचे. १९६० मध्ये गांधीसागर धरण आणि कोट्याचा बंधारा झाला, नंतर आणखी धरणे झाली, आणि उन्हाळ्यातील प्रवाह क्षीण झाला. पाणी उतरले की बेट किनाऱ्याला जोडले जाते आणि कोल्ह्या-कुत्र्यांना पाणचिऱ्याच्या अंड्यांपर्यंत वाट मिळते. बंदी असूनही वाळूचा चोरटा उपसा होतो. सुसरीला या अडचणीतून वाट काढता येणार नाही. तिच्या अंगची युक्ती वाळूवरच उभी आहे. वाळू गेली की युक्तीही गेली.

यावर कोणी म्हणेल, माणसाने घरे बांधू नयेत काय? ग्वाल्हेरने पाणी पिऊ नये काय? चंबळचे पाणी शहराकडे आणण्याचा विचार बरीच वर्षे होत आला आहे, आणि तहानलेल्या वस्तीची गरज खोटी नाही. पण हिशेब मांडताना नदीत किती पाणी राहू द्यावयाचे हा आकडाही त्याच कागदावर लिहिला पाहिजे. आणि तो एप्रिल-मे महिन्यांचा असला पाहिजे, भरल्या श्रावणातला नव्हे. घर बांधणाऱ्याने वाळूचा भाव विचारतो तसा वाळूचा उगमही विचारावा आणि परवान्याची पावती मागावी. गिऱ्हाईक विचारू लागले की व्यापारी सांगू लागतो, हा बाजाराचा नियम आपणां खासगी बाजारवाल्यांना कोणी शिकवावयास नको.

करधई, पखुर्डी, पाणचिरा, सुसर यांपैकी कोणीही कोणाचे कान पिळून टिकलेले नाही. जे मिळते त्यात भागवणे, योग्य दिवसाची वाट पाहणे आणि शेजाऱ्याचा उपयोग जाणणे, एवढ्याच बळावर ती टिकली आहेत. त्यांची तयारी पुरी आहे. त्यांना हवी आहे ती मार्च ते जूनपर्यंतची थोडी निर्वेध वाळू आणि थोडे वाहते पाणी. ते देणे आपल्या हाती आहे.